चुकवलेला हात

काच अर्धी चौकटीत आणि अर्धी त्याच्या हातांवर होती, तेव्हा खिशातला फोन वाजायला लागला. काच बसवणाऱ्याला अशा वेळी फोन घेता येत नाही, शिंक आली तरी गिळावी लागते. त्याने खालची कड लाकडावर टेकवली, वरची खांद्याने धरली, आणि चारी बाजूंना बारीक खिळे मारून होईपर्यंत फोन तीनदा वाजून गप्प झाला. चौथ्यांदा वाजला तेव्हा त्याने पुट्टीचे हात पँटला पुसले. पलीकडून मास्तर म्हणाले, "गडी बदलला." मास्तर फोनवर नेहमी असंच बोलत, तार पाठवल्यासारखं. "रेड्याचा अंगठा मोडला सरावात. अंतिम फेरीत आता कंपाउंडर." आणि थोडं थांबून, "ऐकतोयस ना?" तो ऐकत होता. नव्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि चेहऱ्याच्या आत, पलीकडच्या कार्यालयात, एक बाई कागदांवर शिक्के मारत होती. तिचा हात वर गेला की त्याची मान आपोआप केसभर डावीकडे सरकत होती. हे त्याला काचेत दिसलं म्हणून कळलं. नाहीतर कळलं नसतं.

रेडा आला असता तर सगळं सोपं होतं. रेडा घंटा वाजली की खाली मान घालून अंगावर यायचा, आणि अंगावर येणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्याला झोपेतही येत होतं. मुष्टियुद्धाच्या आखाड्यातले सगळे त्याला शेवाळ म्हणत. त्याच्यावर पाय ठेवणारा घसरतो म्हणून. गेली सतरा-अठरा वर्षं तो कधी स्वतःहून पुढे गेला नव्हता. समोरच्याने हात टाकायचा, याने तिथे नसायचं, आणि हात हवेत ताणलेला असताना, त्या उघड्या पडलेल्या अर्ध्या क्षणात, एक छोटासा नेमका ठोसा द्यायचा, पत्र पेटीत टाकावं तसा. लोकांना ते फारसं आवडत नसे. गेल्या वर्षी उपांत्य फेरीत पंचांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला तेव्हा मागच्या रांगेतला कोणीतरी म्हणाला होता, "हा लढतच नाही, नुसता वाचतो." ते ऐकून आख्खी रांग हसली होती, आणि गंमत म्हणजे तोही हसला होता, कारण ते खरं होतं. यंदा त्याला चौतिसावं लागलं होतं. संघटनेच्या नियमाने हे शेवटचं वर्ष. आणि समोर कोण, तर कंपाउंडर. दिवसभर एका दवाखान्यात औषधं बांधून देणारा, सडपातळ, चष्मा काढला की डोळे बारीक करणारा माणूस. तो मेला तरी पुढे येत नसे. रिंगच्या मध्यावर दवाखान्याच्या खिडकीत उभं राहिल्यासारखा उभा राही, ज्याला औषध हवं त्याने खिडकीशी यावं.

"दोन दारं समोरासमोर," मास्तर संध्याकाळी म्हणाले. "दोघंही बंद. आत कोण जाणार?" मास्तरांचा एक गुडघा कायमचा धरलेला होता, त्यामुळे ते बाकाच्या टोकावर पाय लांब करून बसत आणि तिथूनच सगळ्यांना ओरडत. त्याच्यावर मात्र ते कधी ओरडले नव्हते. "पहिल्या दोन राउंडमध्ये तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसाल. पंच ताकीद देतील. मग पंच बघणार, पुढे कोण गेलं. या वेळी जाणारा तू. कळलं?"

"मला येत नाही मास्तर."

"काय येत नाही? पाय पुढे टाकायचा, हात पुढे टाकायचा. शेजारणीशी भांडायला जातात तसं जायचं."

"तुम्ही गेला असाल. मी नाही गेलो कधी."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. सोळाव्या वर्षी तो पहिल्यांदा इथे आला, तेव्हा गंमत म्हणून मास्तरांनी त्याच्या गालाशी एक हुलकावणीचा हात नेला होता आणि तो हात पोचायच्या आत हा खाली, बाजूला, आणि परत वर. जणू पाण्यात बुडी मारून आला. "कुठे शिकलास?" मास्तरांनी विचारलं होतं. "घरी," तो म्हणाला होता. पुढे मास्तरांनी त्याला पायांची ठेवण शिकवली, श्वास शिकवला, तो छोटा नेमका ठोसा शिकवला, पण वाचणं त्यांनी शिकवलेलं नव्हतं, आणि लोक त्याचं श्रेय त्यांना देत तेव्हा ते विषय बदलत. घरी म्हणजे कुठे, कोणाकडून, हे त्यांनी अठरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. या गोष्टीसाठी तो त्यांच्या पाया पडायला तयार होता.

घरी म्हणजे स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या अरुंद बोळात. आई तो सात वर्षांचा असताना तापाने गेली, आणि वडील, जे पावाच्या कारखान्याची गाडी चालवत, पहाटे जाऊन दुपारी परत येत, ते त्यानंतर कधीतरी मारायला लागले. ते दारू पीत नव्हते. पीत असते तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा वाटलं. लोकांना सांगता तरी आलं असतं. ते शुद्धीत, इस्त्रीच्या शर्टाची बाही नीट दुमडून मारत. काही सांडलं, हरवलं, उशीर झाला, की ते त्याला बोळात बोलवत, आणि मारण्याआधी त्यांच्या नाकातून एक बारीक आवाज येई. हुंकार नव्हे, उसासाही नव्हे. अवघड वाक्य वाचायला घेण्याआधी माणूस जसा श्वास आत ओढतो, तसं काहीतरी. त्या आवाजाच्या आणि हाताच्या मध्ये किती अंतर असतं हे त्याच्या शरीराने कोणालाही न विचारता मोजून ठेवलं. आधी आवाज. मग उजव्या पायाचा अंगठा जमिनीला घट्ट धरतो. मग खांदा. हात सगळ्यांत शेवटी. हात बघत बसणारा मार खातो. आठव्या वर्षापर्यंत त्याला हे सगळं अक्षरओळखीसारखं येऊ लागलं होतं. शहरात अजूनही कुठे कोणी बसमध्ये दांडा धरायला हात उचलला, कोणी छत्री उघडली, कोणी केसांतून हात फिरवला, की तो पाऊलभर बाजूला असे, आणि लोक उगाचच त्याची माफी मागत.

आठवडाभर मास्तरांनी त्याला एकच गोष्ट करायला लावली. पुढे. बॅगेवर पुढे, आरशासमोर पुढे, दोरीच्या कडेकडेने पुढे. पाय ऐकत नव्हते. मेंदूने सांगितलं की ते निघत, पण निघताना मागे वळून बघितल्यासारखे निघत. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याच्यासमोर गवंड्याला उभं केलं. गवंडी त्याच्याच वयाचा, त्याच्यासारखाच दिवसभर परांचीवर उभा राहून संध्याकाळी येणारा, छातीने रुंद, तोंडाने मोकळा. दोघांची इतक्या वर्षांची सवय अशी की गवंड्याने यायचं आणि याने नसायचं. आज उलट. "ये की," गवंडी म्हणाला. "लाजतोस काय, नवरी बघायला आल्यासारखा?" तो गेला. पहिले पाच-सहा ठोसे ग्लोव्हवर पडले, मेल्यासारखे. मग एकदा गवंड्याचा दातांचा रबर सरकला आणि तो नीट करायला त्याने डावा हात जरासा खाली घेतला, आणि याचा उजवा हात गेला. याने पाठवला नव्हता, तो गेला. गवंड्याच्या गालाच्या हाडावर तो असा बसला की मनगटापासून खांद्यापर्यंत काहीतरी गोड वाजलं. काच हिऱ्याने ओरखडून मग हलकेच दाबली की ती सरळ रेषेत फुटते, तेव्हा बोटांना जे सुख होतं, तेच. पण काचेत ते बोटांपुरतं असतं. हे पोटात उतरलं, मांड्यांत उतरलं. गवंडी गुडघ्यावर बसला होता, आणि त्याला वाटलं, पुन्हा. इतक्या स्पष्टपणे वाटलं की तो दोरीपर्यंत मागे गेला.

गवंडी उठला, जबडा हलवून पाहिला आणि हसला. "मास्तर, शेवाळाला दात फुटले," तो म्हणाला. मग याच्या खांद्यावर हात टाकून, सहज, पाणी पिता पिता, "पण काय रे, मारताना तू नाकातून कसला आवाज काढतोस? आधी नव्हतास काढत."

"कसला आवाज?"

गवंड्याने तो काढून दाखवला. हुबेहूब.

त्या दिवशी तो घरी चालत गेला. रस्ते तेच होते, दुकानांच्या काचा त्यातल्या किती तरी त्यानेच बसवलेल्या, आणि प्रत्येक काचेतून एक माणूस त्याच्या बरोबरीने चालत होता. त्या माणसाचे खांदे जरा पुढे आलेले होते. त्याने श्वास तोंडाने घेऊन पाहिला. मग नाकाने. नाकाने घेतला की तो आवाज आत कुठेतरी तयार होऊन बसलेला जाणवायचा, घशाच्या वरच्या बाजूला, भाडं न भरता राहणाऱ्या माणसासारखा. म्हणजे तो इतकी वर्षं तिथेच होता. आपण त्याच्यापासून खाली वाकत होतो, बाजूला होत होतो, आणि तो आपल्याच नाकात होता, फक्त पुढे जायची वाट बघत.

घरी बहीण मशीनवर बसलेली होती. ती कपडे लहानमोठे करून देते: पँटची कंबर, कोटाच्या बाह्या, कोणाच्या आजीचं झंपर नातीच्या मापाला. त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे तिने त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही खोदून विचारलं नाही. तिचं मशीन खिडकीच्या उजव्या हाताला असं लावलेलं आहे की दार तिच्या उजव्या बाजूला येतं, कारण डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. खिडकीशी वडील बसलेले असतात. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांची आठवण झिजत झिजत गेली, आधी नावं, मग रस्ते, मग वर्षं. आणि जसजशी ती गेली तसतसे ते मऊ होत गेले. ते दिवसभर रुमालांच्या घड्या घालतात. पोराने पाणी दिलं तर "तुम्हाला त्रास झाला" म्हणतात. कधी कधी बहिणीला ओळखत नाहीत आणि मोठ्या आदराने विचारतात, "बाई, तुम्ही बोलताना मान अशी का वळवता?" आणि ती सुईत दोरा ओवता ओवता सांगते, "लहानपणी पडले होते." "अरेरे," वडील म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. अशा वेळी तो उठून दुसऱ्या खोलीत जातो.

रविवारी दुपारी वडील झोपले होते. बहीण जमिनीवर बसून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. तो तिच्या उजवीकडे बसला. त्याला सांगायचं होतं गवंड्याविषयी, त्या आवाजाविषयी, आणि तो सांगायलाही लागला, पण बोलता बोलता वाक्य भलत्याच दाराने बाहेर पडलं. "तो चष्म्याचा दिवस," तो म्हणाला. "तुला आठवतो?"

तिचा हात थांबला नाही. "हो."

तो नऊ वर्षांचा होता, ती सहा. तो चुकून वडिलांच्या चष्म्यावर बसला होता आणि काडी मोडली होती. बोळात वडिलांनी बाही दुमडली. आवाज आला, अंगठ्याने जमीन धरली, आणि तो वाकला. रोजच्यासारखा. हात वरून गेला आणि मागे काहीतरी लागल्याचा आवाज झाला, फळीवर फळी पडावी तसा. त्यानंतर ती कितीतरी वेळ रडलीच नाही. मग कानातून रक्त आलं. वडिलांनी तिला उचलून दवाखान्यात पळवलं, डॉक्टरांना ती जिन्यावरून पडली म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा कोणावर हात टाकला नाही. सगळ्यांनी ती गोष्ट अशीच ठेवली, मधोमध, कापड टाकून. वडिलांनी मारलं. बहिणीला लागलं. तो या वाक्यांत कुठेच नव्हता.

"मला माहीत होतं तू मागे आहेस," तो म्हणाला. पंचवीस वर्षं हे वाक्य त्याने तोंडात धरलं होतं. बाहेर आलं तर अगदी साधं निघालं. "म्हणजे वाकायच्या आधी. मला माहीत होतं."

बहिणीने धागा ओढून काढला, बोटाला गुंडाळला. "असणारच ना," ती म्हणाली. "सदरा धरला होता मी तुझा मागून. तुझ्यामागे लपायला आले होते. तू वाकलास तेव्हा तो हातातून सुटला."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचं दार दोनदा आपटून लावलं.

"तू नऊ वर्षांचा होतास, हे मी माझं मला कितीदा सांगितलं आहे," ती म्हणाली. "मग मी सहा वर्षांची होते, हेही सांगते. दोन्ही खरं आहे. त्यातून काही निघत नाही." तिने कोट उलटा केला. "त्यानंतर मी कोणाच्या मागे उभी राहिले नाही, एवढं झालं. कोणी लग्नाचं विचारलं तरी मला आधी तेच दिसायचं, त्याची पाठ."

"मग तू माझ्या लढती बघायला का येतेस?"

"यायला नको?" ती जराशी हसली. "तू वाकलास की मी डोळे मिटते. दर वेळी. इतक्या वर्षांत मी तुला वाचताना कधी पाहिलेलंच नाही दादा. लोक टाळ्या वाजवतात, तेव्हा उघडते."

शनिवारी संध्याकाळी क्रीडागृहात अर्ध्या खुर्च्या भरलेल्या होत्या. ती आली होती. तिसऱ्या रांगेत, डावीकडे भिंत येईल अशी. पहिला राउंड मास्तर म्हणाले होते तसाच गेला. दोन माणसं एकमेकांभोवती फिरत राहिली, जिन्यात समोरासमोर आलेले शेजारी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतात तशी. कंपाउंडरचे डोळे बारीक झालेले होते. दुसऱ्या राउंडला लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या. एकाने "चहा मागवू का?" असं विचारलं आणि सगळं सभागृह हसलं. पंचांनी लढत थांबवून दोघांना समोर उभं केलं आणि ताकीद दिली. घंटा झाली. मास्तरांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि फक्त एवढंच म्हटलं, "जा आता."

तो गेला. पहिलं पाऊल, दुसरं, डावा हात, उजवा. कंपाउंडर तिथे नव्हता. पुन्हा. नव्हता. चौथ्या-पाचव्या ठोशाला त्याच्या नाकातून तो आवाज आला. दातांत रबर, कानांवर शिरस्त्राण, सभागृहाचा गलका, आणि तरी त्याला तो लख्ख ऐकू आला. आणि आवाजाबरोबर ते गोड, ते पोटात उतरणारं आलं. आता त्याचे हात आपले आपण जात होते, एकामागून एक, आणि त्याला राग आलेला नव्हता, हे सगळ्यांत भयंकर होतं. राग मुळीच नव्हता. फक्त समोर काहीतरी होतं जे लागायला हवं होतं आणि लागत नव्हतं. कंपाउंडर कोपऱ्यात सापडला. दोन बाजूंना दोरी, समोर हा. याने उजवा खांदा मागे घेतला आणि त्याच वेळी त्याला दिसलं की कंपाउंडर त्याच्या हाताकडे बघत नाही. खांद्याकडेही नाही. तो खाली बघतो आहे. याच्या उजव्या पायाच्या बुटाकडे, जिथे अंगठा असतो.

हे कोणताही मास्तर शिकवत नाही. हे कोणालाही आखाड्यात शिकता येत नाही. तो जागच्या जागी थांबला. बोळ तोच होता, फक्त या वेळी तो दुसऱ्या टोकाला उभा होता, जिथून मूल किती लहान दिसतं हे दिसतं. त्याच्या हाताला काही सुचेना. आणि कंपाउंडर, समोरचा माणूस अर्ध्या क्षणापुरता उघडा पडला की जे करायचं असतं ते करून मोकळा झाला. सरळ डावा हात, नेमका, नाकावर. आतमध्ये काहीतरी काडकन मोडलं. डोळ्यांसमोर पांढरं झालं, मग लाल. तोंडात रक्ताची चव आली. पंचांनी थांबवलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं, विचारलं, चालू ठेवायचं का. त्याने होकाराची मान हलवली. राउंड संपायला अजून सव्वा मिनिट होतं.

मागे जाणं इतकं सोपं होतं. सगळं शरीर मागे जायला निघालेलंच होतं, पंचवीस वर्षांचं. त्याने नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न केला, आणि नाक बंद होतं. रक्ताने, सुजेने, मोडलेल्या हाडाने. तोंड उघडून, दम लागलेल्या माणसासारखा धापा टाकत तो पुढे गेला, आणि कुठलाही आवाज आला नाही. त्याला भीती वाटत होती. ही भीती त्याच्या ओळखीची नव्हती. नेहमीची भीती त्याला खाली वाकवायची, ही सरळ उभी होती. त्याने कंपाउंडरचा पुढचा हात पाहिला, पूर्ण वाचला, अंगठ्यापासून बोटांपर्यंत. आणि घेतला, कपाळावर. आणि देऊन टाकला एक, बरगडीवर. पुन्हा घेतला, गालावर, पुन्हा दिला. वडिलांनी मारलं तेव्हा समोरून कधीच काही येणार नव्हतं, ही एवढी साधी गोष्ट त्याला तिथे, दिव्यांच्या उजेडात, कळली, आणि कळल्यावरही तिचा काही दिलासा वाटला नाही. गोड काही उरलं नव्हतं. नुसतं दुखत होतं, त्याला आणि समोरच्याला, जवळजवळ सारखंच. कंपाउंडरचे डोळे आता खाली नव्हते. तो याच्या तोंडाकडे बघत होता, जरा नवलाने. घंटा झाली तेव्हा दोघं एकमेकांच्या खांद्यांवर टेकून उभे होते आणि पंचांना त्यांना सोडवावं लागलं.

निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. त्याचा हात वर केला गेला. टाळ्या झाल्या, फार नाही. मास्तरांनी टॉवेल त्याच्या डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत ओढला आणि तो तसाच धरून ठेवला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत कंपाउंडर त्याच्याजवळ आला. चष्मा लावलेला, केस विंचरलेले. हातात कापसाचा बोळा. "डोकं मागे टाकू नका," तो म्हणाला. "पुढे वाकून बसा. रक्त घशात उतरता कामा नये. दोन दिवस बर्फ, आणि उशी उंच घ्या." दवाखान्यातल्या खिडकीत बोलतात तसा.

"तुम्ही खाली बघत होतात," तो म्हणाला. त्याचा आवाज कोंदट येत होता. "पायाकडे."

कंपाउंडरने कापूस त्याच्या हातात दिला. "हो. लहानपणापासून सवय आहे." तो जायला वळला, मग थांबला. "मामांकडे वाढलो मी." आणि गेला.

बाहेर बहीण उभी होती. तिने त्याची पिशवी घेतली. बसथांब्यापर्यंत ती त्याच्या बरोबरीने चालली, ना पुढे ना मागे. मग म्हणाली, "शेवटी शेवटी मी डोळे मिटले नाहीत. पण बघवतही नव्हतं." बसमध्ये तिने त्याला खिडकीची जागा दिली.

सकाळी नाक आणि डावा डोळा मिळून एकच काळीनिळी गोष्ट झाली होती. बहीण मशीनवर बसली होती, सोमवारी द्यायच्या पँटी समोर होत्या. तो वडिलांना चहा द्यायला गेला. वडिलांनी कप घेतला नाही. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "कोणी मारलं तुला?" त्यांनी विचारलं.

"एक कंपाउंडर आहे, बाबा."

"कंपाउंडर कशाला मारेल?"

"मी मारलं ना त्याला. आधी."

वडिलांनी याचा विचार केला. त्यांच्या मांडीवर रुमालांची चळत होती, वरच्या रुमालाची कड ते अंगठ्याने सरळ करत राहिले. "तुला राग आला होता त्याचा?"

"नाही."

"मग?" वडील म्हणाले. अगदी मनापासून, लहान मूल विचारतं तसं. "राग नव्हता तर मग का मारलंस?"

हा प्रश्न त्याने कितीतरी वर्षं जवळ बाळगला होता, पण तो याच माणसाला विचारायचा होता. तो स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसला. "बाबा, तुम्हाला यायचा का राग? मारताना?"

"मी?" वडिलांनी आपले दोन्ही तळहात वर करून पाहिले, कोणी त्यांना ठेवायला दिले असावेत तसे. "मी नाही बुवा. मी कधी कोणावर हात नाही उगारला."

मशीन थांबलं होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. 'हो बाबा' म्हणायला काहीच लागत नव्हतं. 'हो बाबा' म्हणून तो उठला असता, चहा गरम करून आणला असता, आणि सगळं त्याच्या डोक्यावरून निघून गेलं असतं.

"उगारला होता," तो म्हणाला. "माझ्यावर. मी वाकलो."

वडिलांचे ओठ हलले, काहीतरी मोजल्यासारखे. मग त्यांच्या चेहऱ्यावरची आठी हळूहळू उलगडली. "वाकलास ना," ते म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट दिसत होतं. "बरं केलंस. म्हणजे लागलं नाही कोणाला."

"लागलं, बाबा."

"कोणाला?" वडील म्हणाले, आणि त्याच्या सुजलेल्या तोंडावरून नजर काढून ती खोलीभर फिरवू लागले, तिथे आणखी कोण आहे ते शोधत.